हाताशी आलेली फळं

बैठक एका यादीवर अडली होती. ज्यांचं वार्षिक सदस्यत्व आपोआप पुढे चालू राहतं, खात्यातून पैसेही जातात, पण ज्यांनी कित्येक महिन्यांत एकदाही लॉग-इन केलेलं नाही, अशा ग्राहकांची यादी. त्यांतले काही विसरले असणार, काहींना ते बंद कुठून करायचं हे सापडत नसणार, काही कदाचित आता नसतीलही. त्यांना आठवण करून देणारा ईमेल पाठवावा का, एवढाच प्रश्न होता. तेव्हा एरवी अतिशय सभ्य असलेला, दारात दुसऱ्याला आधी जाऊ देणारा एक तरुण सहकारी म्हणाला, “हे आपलं लो-हँगिंग फ्रूट आहे. उगाच झाड हलवायला नको.” लो-हँगिंग फ्रूट म्हणजे खालच्या फांदीवरचं, विनासायास हाताला लागणारं फळ. सगळे हसले. वाक्य जमलं होतंच. इतिवृत्त मी लिहीत होते, त्यामुळे तेही टिपलं गेलं. नंतर स्वच्छ प्रत करायला बसले आणि त्या ओळीशी येऊन थांबले. तिच्यात फांदी होती, फळ होतं, झाड होतं, झाडाखाली उभे असलेले आम्ही होतो. यादीतली माणसं तेवढी कुठे दिसत नव्हती. शेवटी मी ‘निष्क्रिय ग्राहकांना ईमेल न पाठवण्याचे ठरले’ असं लिहिलं, आणि तोच निर्णय एकदम ओंगळ दिसायला लागला. मी तर फक्त झाड काढून टाकलं होतं.

शाळेत इंग्रजी वाक्प्रचार पाठ करायचे म्हणजे वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ ओढायची. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ. ‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’च्या समोर आम्ही लिहिलं होतं, संधीचा फायदा घेणे. त्याच्या खाली ‘स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट’, त्याच्या खाली ‘फिश इन ट्रबल्ड वॉटर्स’, मग ‘मेक अ कॅट्स पॉ ऑफ समवन’. उजवीकडे थोड्याफार फरकाने तेच: फायदा घेणे, फायदा उठवणे, आपला फायदा करून घेणे. परीक्षेत सगळ्यांना सारखे गुण. यातला एक शेतकरी आहे, एक लोहार आहे आणि उरलेले दोघे लबाड आहेत, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. इंग्रजीने तरी कुठे वेगळं ठेवलंय म्हणा. त्या भाषेत ‘टेक अ‍ॅडव्हान्टेज’ उन्हाचंही करता येतं, सवलतीचंही करता येतं आणि एखाद्या एकट्या पडलेल्या म्हातारीचंही.

‘मेक हे’मधलं ‘हे’ म्हणजे नुसतं गवत नाही, वाळवून साठवलेला चारा, याचा पत्ता मला फार उशिरा लागला. शाळेत असताना डोळ्यांसमोर यायचं ते एवढंच, की ऊन पडलंय म्हणून कोणीतरी घाईघाईने गवत गोळा करतंय. खरी गोष्ट जास्त कष्टाची आहे. गवत कापायचं, शेतभर पसरायचं, उलटंपालटं करायचं, संध्याकाळी दव पडायच्या आत ओळीत ओढायचं, सकाळी पुन्हा पसरायचं. असे सलग काही दिवस कोरडे मिळाले तर हिवाळ्यात जनावरं जगणार. वाळत्या गवताला जो गोडसर, किंचित व्हॅनिलासारखा वास येतो तो कुमारिन नावाच्या द्रव्याचा. ज्यांनी तो घेतलाय ते विसरत नाहीत म्हणतात. आणि घाई करून ओलसर गवताचीच गंजी रचली तर आत सूक्ष्मजीवांची उष्णता साठत जाते, गंजी आतून तापते आणि कधी कधी बाहेरून काडीही न लावता पेटते. म्हणजे हा वाक्प्रचार उतावळेपणाचा नाहीच. वेळ ओळखण्याचा आणि वाट पाहण्याचाही आहे. जॉन हेवूड या इंग्रज लेखकाने १५४६ मध्ये छापलेल्या म्हणींच्या संग्रहात तो सापडतो, त्या अर्थी शेतकऱ्यांच्या तोंडी त्याच्याही आधीपासून असणार. तापल्या लोखंडावर घाव घालण्याची गोष्ट तर चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरनेच लिहून ठेवली आहे. या दोन्हींमध्ये मला काही खटकत नाही. ऊन कोणाच्या मालकीचं नाही, ते घेतल्याने कोणाचं कमी होत नाही. लोखंडाला दुखत नाही.

त्याहून जुनी एक प्रतिमा आहे, तीही मला एके काळी फार आवडायची. ‘टेक टाइम बाय द फोरलॉक’ असं इंग्रजीत म्हणतात, म्हणजे वेळेला पुढच्या झुलपांना धरा. हे झुलूप आलं ग्रीकांच्या कायरॉसकडून. कायरॉस म्हणजे योग्य क्षणाचा देव. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिसिपॉस या शिल्पकाराने त्याचा पुतळा केला होता आणि पॉसिडिप्पस नावाच्या कवीने त्या पुतळ्याशी प्रश्नोत्तरं रचली. पायांना पंख का? मी वाऱ्यासारखा उडतो म्हणून. हातात वस्तरा का? मी कुठल्याही धारेपेक्षा धारदार आहे म्हणून. केस कपाळावर का? समोरून भेटणाऱ्याने धरावेत म्हणून. आणि डोकं मागून टकलं का? एकदा मी पुढे निघून गेलो की कितीही वाटलं तरी कोणाला मागून धरता येऊ नये म्हणून. इतकी नेमकी कल्पना क्वचित सुचते. पण हल्ली ती वाचताना वेगळंच दिसतं. ऊन आणि लोखंड इथवर ठीक होतं. संधीला जेव्हा माणसासारखा चेहरा दिला, तेव्हा तिच्याशी काय करायचं म्हणून सुचलं? तर केस धरायचे.

केस धरले की समोर कोणीतरी असतंच.

गढूळ पाण्यात मासे धरण्याचं पहा. इसवी सनापूर्वी ४२४ मध्ये अथेन्सच्या रंगमंचावर अ‍ॅरिस्टोफेनिस या नाटककाराने एका सत्ताधारी पुढाऱ्याची रेवडी उडवली. त्या नाटकात एक सॉसेज विकणारा त्या पुढाऱ्याला तोंडावर सांगतो, की तू वाम मासे धरणाऱ्यांसारखा आहेस. तळं संथ असलं की त्यांना काही मिळत नाही. चिखल खालवर ढवळला की हात भरतात. तूही शहर ढवळतोस तेव्हाच तुझं फावतं. इंग्रजीत आलेल्या वाक्प्रचारात गढूळ पाणी आधीच तयार असतं, मासेमार फक्त तिथे पोचतो. ढवळणारा हात गळून गेला आहे. मला हे गळणं फार सोयीचं वाटतं. मोठ्या कुटुंबांत भांडणं होतात तेव्हा नंतर सगळे म्हणतात, वातावरणच तसं झालं होतं. वातावरण कोणी केलं याची आठवण बहुधा एखाद्या धाकट्या सुनेलाच असते, आणि तिला कोणी विचारत नाही.

मग येतात जनावरं. माणसाचा फायदा घेण्याबद्दल बोलायची वेळ आली की इंग्रजी भाषा जवळजवळ प्रत्येक वेळी गोठ्यात नाहीतर रानात शिरते. लुबाडणं म्हणजे ‘फ्लीस’ करणं, लोकर उतरवणं. सतत उकळत राहणं म्हणजे ‘मिल्क’ करणं. यातलं सगळ्यात सुसंस्कृत वाक्य एका रोमन सम्राटाच्या नावावर आहे. प्रांतांवर कर वाढवा असा सल्ला सुभेदारांनी दिला तेव्हा टायबेरियसने उत्तर पाठवलं, की चांगला मेंढपाळ मेंढ्या भादरतो, सोलत नाही. सुएटोनियस या रोमन चरित्रकाराने हे नोंदवून ठेवलंय, आणि ते टायबेरियसच्या संयमाचं उदाहरण म्हणून. संयम तर आहेच. शिवाय मेंढीची लोकर वेळेवर काढली नाही तर तिलाच त्रास होतो, हेही खरं. माणसाने तिची पैदासच तशी केली आहे. म्हणून भादरणाऱ्याला नेहमी म्हणता येतं, की मी तिचं भलंच करतोय. मला या युक्तिवादाची भीती वाटते, कारण तो पूर्ण खोटा नसतो. ‘त्यालाही अनुभव मिळतोय ना’, ‘तिलाही घराबाहेर पडायला निमित्त मिळतं’, ही वाक्यं मी प्रेमळ माणसांच्या तोंडून ऐकली आहेत. त्यांत तथ्यही होतं.

पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातल्या लंडनमध्ये ठकांच्या बोलीत सावज म्हणजे ‘कोनी’, ससा. १५९१ मध्ये रॉबर्ट ग्रीन या लेखकाने या ससे पकडणाऱ्यांच्या तऱ्हांवर पत्रकं छापायला सुरुवात केली आणि ती हातोहात खपली. पद्धत अशी: खेड्यातून नुकताच आलेला माणूस हेरायचा. एकाने सहज बोलण्यात त्याचं नाव, गाव, शेजारीपाजारी काढून घ्यायचे आणि निघून जायचं. थोड्या अंतरावर दुसऱ्याने त्याला नावाने हाक मारायची, गळ्यात पडायचं, गावाकडच्यांची चौकशी करायची. परक्या शहरात कोणीतरी आपल्याला नावाने ओळखतं, या आनंदात ससा त्यांच्यामागून पत्ते खेळायला जाऊन बसायचा. पुढचं सांगायला नको. हे वाचताना मला त्या पत्त्यांच्या डावापेक्षा त्याच्या आधीची दोन मिनिटं जास्त लागतात. त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे हसू आलं असेल, ते तर खोटं नव्हतं.

‘फेअर गेम’ हा शब्द मी आधी खेळाशी जोडायचे, न्याय्य खेळ वगैरे. इथला ‘गेम’ म्हणजे शिकारीचा प्राणी. मारायला हरकत नाही असा. आणि हरकत कोणाची? इंग्लंडमध्ये १६७१च्या कायद्याने ससे, तित्तिर, फेझंट मारायचा हक्क मोजक्या लोकांपुरता ठेवला होता: स्वतःच्या जमिनीचं वर्षाला किमान १०० पौंड उत्पन्न असलेले, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याची जमीन असेल तर १५० पौंड, आणि वरच्या दर्जाच्या घरातले काही. बाकीच्या शेतकऱ्याने आपलं पीक खाणारा ससा बघत बसायचं. ही मालमत्तेची अट १८३१ मध्ये गेली. म्हणजे प्राणी ‘फेअर’ आहे की नाही, हे प्राण्यावर कधीच अवलंबून नव्हतं. बंदूक कोणाच्या हातात आहे त्यावर होतं. आज एखाद्या माणसाला ‘तो काय, फेअर गेमच’ म्हणतात तेव्हाही मला वाटतं, आधी बोलणाऱ्याचं उत्पन्न विचारावं.

पण या सगळ्या प्राणिसंग्रहालयात माझा जीव अडकलाय तो मांजरात. ‘कॅट्स पॉ’ म्हणजे ज्याच्या हाताने आपण आपलं जोखमीचं काम करून घेतो तो. गोष्ट युरोपात जुनीच होती. तिला जे रूप सगळ्यांना माहीत झालं ते फ्रेंच कवी ला फाँतेनने १६७९ मध्ये दिलं. माकडाचं नाव बर्ट्रान, मांजराचं रातों. दोघं एकाच धन्याच्या घरी, दोघंही सारखेच चोरटे. चुलीत चेस्टनट भाजत पडलेत. बर्ट्रान म्हणतो, भावा, आज तुझ्या हातून काहीतरी थोर व्हायचंय. देवाने मला निखाऱ्यातून चेस्टनट काढायची कला दिली असती तर बघायला हवं होतं. रातों हळूच पंजाने राख बाजूला करतो, बोटं आखडून घेतो, पुन्हा पुढे करतो. एक काढतो, मग दुसरं, मग तिसरं. बर्ट्रान ते फोडून खात बसलाय. तेवढ्यात मोलकरीण येते आणि दोघंही पळतात. रातों काही खूश नव्हता, एवढंच कवी सांगतो. पुढे काही ओळी राजपुत्रांबद्दल आहेत, जे एखाद्या राजाच्या फायद्यासाठी दूरच्या प्रांतांत जाऊन हात पोळून घेतात.

१८२४ मध्ये एडविन लँडसियरने याच विषयावर चित्र काढलं. त्यात माकडाने मांजराला घट्ट आवळून धरलंय आणि तिचा पंजा जबरदस्तीने तापल्या शेगडीवर नेलाय, मांजर किंचाळतंय. चित्र भयंकर आहे, आणि म्हणूनच बघायला सोपं आहे. कोण वाईट, कोण बिचारं, लगेच कळतं. ला फाँतेनच्या गोष्टीत कोणी कोणाचा पंजा धरत नाही. धरलं जातं ते कौतुकाने. ‘तुझ्याइतकं नीट कोणालाच जमत नाही’ हे वाक्य मी किती घरांत, किती कचेऱ्यांत ऐकलंय. कार्यक्रमाची पाहुण्यांची यादी तिनेच करावी, वरिष्ठांना वाईट बातमी त्यानेच सांगावी, आजारी माणसाच्या उशाशी रात्री तिनेच बसावं, कारण तिचा हात हलका आहे. आणि हात खरंच हलका असतो! खोटी स्तुती असती तर रातोंलाही कळली असती. माझ्या एका नातेवाईक बाईंना उभं आयुष्य असं ‘जमत’ होतं. त्यांच्याबद्दल नुसती कीव करायला गेलं तर ती अपुरी पडते, कारण राखेत पंजा घालताना त्यांच्या चेहऱ्यावर एक तेज यायचं, ते मी पाहिलंय. आपल्यावाचून अडतं हे सुख काही लहान नसतं. बर्ट्रानने ते सुख दिलं आणि चेस्टनट घेतले. हिशेब कोणाच्या बाजूने सुटतो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कवीने मोलकरणीला मध्येच आत आणून बहुतेक स्वतःचीही सुटका करून घेतली.

सिंहाची गोष्ट त्या मानाने सरळ आहे. इसापाच्या सिंहाने शिकारीचे वाटे केले आणि एकेक कारण सांगत सगळे स्वतःच घेतले. रोमन कायदेपंडितांनी तर या गोष्टीवरून भागीदारीला नाव दिलं: ज्या भागीदारीत सगळा नफा एकाचा आणि दुसऱ्याच्या वाट्याला फक्त तोटा, ती ‘सिंहाची भागीदारी’, आणि ती रद्दबातल. फ्रेंच कायद्यात अशा कलमाला आजही सिंहाचं विशेषण लावतात. इंग्रजीत मात्र ‘लायन्स शेअर’ हळूहळू सगळ्या वाट्यावरून मोठ्या वाट्यावर आला. आपण तर आणखी पुढे गेलो. ‘या यशात त्यांचा सिंहाचा वाटा आहे’ असं आपण निरोप समारंभात म्हणतो, आणि ते बहुधा सगळ्यात जास्त राबलेल्या माणसाला उद्देशून. बिचाऱ्याला शाल मिळते आणि सिंहाचं नाव मिळतं.

या सगळ्यांत एकच वाक्प्रचार असा आहे ज्यात देणारा स्वतःच्या तोंडाने बोलतो. ‘इंच दिला तर मैल घेतो’ असं आता म्हणतात. हेवूडच्या त्याच १५४६च्या संग्रहात मैल नाही, ‘एल’ आहे. एल हे कापडाचं माप, इंग्लंडात ४५ इंच, म्हणजे बरोब्बर सव्वा वार. मला जुनं रूप जास्त खरं वाटतं. मैल कोणी घेत नाही. मैल घेतला तर आरडाओरडा होतो. कापड मोजताना सव्वा वार सरकतं, आणि ‘जाऊ दे’ म्हणावंसं वाटेल एवढंच सरकतं. पण गंमत अशी, की एकदा का देणाऱ्याने तक्रार केली की भाषा त्याच्यावरच उलटते. ‘पुशओव्हर’, ‘सॉफ्ट टच’, ‘डोअरमॅट’. घेणाऱ्यासाठी निदान माकड आणि सिंह तरी आहेत. ते धूर्त असतात, रुबाबदार असतात. देणारा जनावरही राहत नाही, त्याचं पायपुसणं होतं. मनोधैर्य वाढवणाऱ्या सल्ल्यांमध्ये ‘पायपुसणं होऊ नका’ हे मी वरचेवर वाचते. ‘पाय पुसू नका’ असं लिहिलेलं फारसं दिसत नाही.

घेणाऱ्याला दर वेळी माहीत असतंच का, हाही प्रश्न आहे. ‘कुक्कू इन द नेस्ट’ म्हणतात, परक्या घरट्यात वाढणारं कुक्कू, आपल्या कोकिळेच्या कुळातला युरोपातला पक्षी. १७८८ मध्ये एडवर्ड जेन्नरने, पुढे देवीच्या लशीमुळे जगाला माहीत झालेल्या त्याच डॉक्टरने, रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं, की घरट्यातली मूळ अंडी आणि पिल्लं मोठे पक्षी बाहेर टाकत नाहीत, नुकतं जन्मलेलं कुक्कूचं पिल्लूच ती पाठीवर घेऊन कडेपर्यंत रेटतं आणि ढकलून देतं. त्याच्या पाठीवर त्यासाठी एक खळगा असतो, आणि काही दिवसांनी तो भरून येतो. तेव्हा त्याचे डोळेही उघडलेले नसतात. मग आकाराने आपल्यापेक्षा मोठ्या झालेल्या त्या पिल्लाच्या चोचीत एवढासा पक्षी दिवसभर किडे भरत राहतो. माझ्या ओळखीची काही माणसं अशीच आहेत. कोणीतरी नेहमीच भरवत आलं म्हणून तोंड उघडतात, त्यामागे बेत असा काही नसतो. त्यांच्यावर रागावलं की ती खरोखर गोंधळतात.

आणि काहींना पूर्ण माहीत असतं, त्यांची मला उलट कधी कधी मजा वाटते. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉल या राजकीय यंत्रणेत जॉर्ज वॉशिंग्टन प्लंकिट (१८४२–१९२४) नावाचा पुढारी होता. न्यायालयाच्या इमारतीतल्या बूटपॉलिशच्या खुर्चीवर बसून तो आपलं तत्त्वज्ञान सांगायचा, आणि एका वार्ताहराने टिपलेली ती बोलणी १९०५ मध्ये छापून आली. त्यात तो ‘प्रामाणिक लाचखोरी’ म्हणजे काय ते समजावतो. समजा शहरात नवं उद्यान व्हायचंय आणि त्याची मला आधीच कुणकुण लागली. मी जातो, आजूबाजूची मिळेल तेवढी जमीन विकत घेतो. मग आराखडा जाहीर होतो आणि ज्या जमिनीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं तिच्यासाठी झुंबड उडते. यात गैर काय? आपल्या थडग्यावर शत्रूनेही एवढंच लिहावं असं त्याला वाटत होतं: याला संधी दिसल्या, याने त्या घेतल्या. शेतकऱ्याची आणि लोहाराची स्वच्छ भाषा त्याने अलगद उचलली आणि स्वतःला लावली. उद्यान जणू ऊन, आणि तो आपला गवत वाळवणारा.

त्याला ज्याने जमीन विकली असेल, त्या माणसाचा मी मधूनमधून विचार करते. त्याने राजीखुशीने सही केली असणार, मागितला तो भाव मिळाला म्हणून घरी कौतुकाने सांगितलं असणार. मग काही दिवसांनी वर्तमानपत्रात उद्यानाची बातमी. शिव्या दिल्या असतील? दिल्या असतील थोड्या. पण मला वाटतं, नंतर तो म्हणाला असेल, की मला आधी कळलं असतं तर मीही हेच केलं असतं. आणि पुढच्या निवडणुकीत मत त्यालाच दिलं असेल.